चोविसावा घोडा

सोमवार, ८ जून १९९८

सॅलने कामाची नोंदवही ठेवायला सांगितलंय. ती वेगळी, ती आमच्या लाकडी घोडे दुरुस्त करायच्या दुकानाची. ही वही माझी, कारण त्या वहीत शिव्या लिहिता येत नाहीत.

संध्याकाळी एल्मस्टॅडला पोचले. अख्खं मिनेसोटा तुडवून आल्यासारखं वाटतंय. एक मोठा रस्ता, एक चर्च, एक मोटेल, एक हार्डवेअरचं दुकान, धान्याची दोन उंच कोठारं, आणि मधल्या बागेत आठकोनी छपराखाली १९१४ सालचं मेरी-गो-राउंड. लाकडी घोडे चोवीस. म्हणजे कागदोपत्री चोवीस, प्रत्यक्षात तेवीस. अकरा नंबरचा दांडा गेली एकोणपन्नास वर्षं रिकामा आहे. १९४९ च्या जत्रेच्या शेवटच्या दिवशी तो घोडा नाहीसा झाला, तो झालाच.

वीस तारखेला, शनिवारी सकाळी दहाला, राज्याच्या वारसा खात्याची बाई घोडे मोजायला येणार आहे. चोवीसच्या चोवीस मूळचे भरले तर नोंद होईल आणि मेरी-गो-राउंड गावात राहील. एक जरी कमी पडला तर राहणार नाही. नेव्हाडातला एक हॉटेलवाला ते उचलून आपल्या जुगारखान्याच्या दारात मांडायला टपून बसलाय. नवा घोडा कोरून दिला तर चालेल का, म्हणून मी खात्यात फोन करून विचारलं. चालत नाही. तेव्हा माझं काम असं: तेवीस घोडे दुरुस्त करायचे आणि चोविसावा शोधायचा, बारा दिवसांत.

न्यू जर्सीतल्या न्यूअर्कहून निघताना सॅल, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि दुर्दैवाने मालक, म्हणाला, "अँजे, तिकडे जरा तोंड सांभाळ."

"माझ्या तोंडाला काय झालंय?"

"हेच."

मोटेलची मालकीण आर्लिस स्कोग, पासष्टीची, गोलमटोल. प्रवास कसा झाला म्हणाली, म्हणून मी सांगितलं: विमान तीन तास उशिरा, बॅगेचं चाक गायब, भाड्याच्या गाडीला मेलेल्या माशाचा वास. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे फार वाईट नाही झाला." मग मी बॅग आणायला गाडीकडे निघाले, तर मागून हाक. "हरणं सांभाळ गं!" इकडे हरणं रस्त्यात गाडीला आडवी येतात म्हणे, पण माझी गाडी दारापासून बारा पावलांवर उभी होती.

मंगळवार, ९ जून

घोडे बघितले. एक नंबर काम आहे. एकाच्या पोटात चिमणीचं घरटं, दुसऱ्याच्या तोंडात कुणीतरी चिकटवलेला च्युइंगम, तोही बहुधा युद्धाच्या वेळचा. बाकी लाकूड ठणठणीत. जुन्या फोटोत अकरा नंबरचा दिसतो: पांढरा, मान वर, खऱ्या केसांची लांब शेपटी. देखणा होता मेला.

दुपारी हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार डेलमार होल्टे हाच गावाचा नगराध्यक्षही आहे. पंचावन्नच्या आसपास, खिशात चार पेन्सिली. आणखी पाच-सहा गिऱ्हाइकं खिळ्यांच्या डब्यांपाशी उभी होती. मी सरळ विचारलं, "अकरा नंबरचा घोडा चोरला कुणी?"

सगळे खिळे बघू लागले.

"चोरला असं काही आम्ही म्हणत नाही," डेलमार म्हणाला. "तो हल्ली इथं नसतो, इतकंच."

"एकोणपन्नास वर्षं?"

"तसं बघायला गेलं तर, हो." मग त्यानं एक पेन्सिल काढून परत खिशात ठेवली. "ऑरिन लिंडकडे जाऊन या एकदा. त्याची कॉफी बरी असते."

मी घोडा विचारतेय आणि हा कॉफी सांगतोय. इथली कॉफी मी प्यायलेय. उकळत्या पाण्याला डबा लांबून दाखवला की झाली.

बुधवार, १० जून

दिवसभर खरडपट्टी, म्हणजे रंगाची. संध्याकाळी गावात चौकशी. यादी केली, घरं ठरवली, एका घराला बारा मिनिटं. आठ घरं झाली. न्यूअर्कमध्ये एवढ्या वेळात दोन भांडणं आणि एक माफी झाली असती, इथं काहीच हाती लागलं नाही.

प्रत्येक घरी तोच क्रम. कॉफी, वडी, हवा, मका, हवा. मग घरधनी दोन्ही गुडघ्यांवर थाप मारतो आणि म्हणतो, "बरं तर मग." याचा अर्थ शहाण्या माणसाला सांगावा लागत नाही. मी ताडकन उठते, थँक्यू म्हणते आणि निघते. वेळेची किंमत असलेली माणसं आहेत, हे मात्र मानलं.

आणि प्रेमळ किती! मी गाडी सुरू केली की घरातून कुणीतरी धावत बाहेर येतं आणि दोन्ही हात हलवतं. टॉमसनबाई तर रस्त्याच्या वळणापर्यंत पळत आल्या, ॲप्रन आणि सपाता घालून. मीही हॉर्न वाजवला.

गुरुवार, ११ जून

सकाळी एक भानगड झाली. मोटेलच्या टेबलावर आर्लिस चॉकलेटच्या वड्यांचा ट्रे ठेवते. त्यात मंगळवारी एकच वडी उरली होती. कुणीतरी तिचा अर्धा भाग कापून नेला. बुधवारी उरलेल्याचा अर्धा. आज सकाळी नखाएवढा चौकोन, बाजूला सुरी. मी तो उचलून तोंडात टाकला. नाश्त्याला बसलेला ट्रक ड्रायव्हर घास घ्यायचा थांबला.

"असू दे, असू दे," आर्लिस म्हणाली, "कुणीतरी खाणारच होतं." पण शेवटचा तुकडा इथं कुणी संपवत नाही, हे तिच्या आवाजावरूनच कळलं, आणि मी बाहेर जाऊन दहा मिनिटं गाडीत बसले.

शुक्रवार, १२ जून

आज त्या ऑरिन लिंडकडे गेले. गावाबाहेर दोन मैलांवर शेत आहे. एकाहत्तर वर्षांचा उंच माणूस, कमरेनं जरा अधू. बायको लावॉन मार्चमध्ये गेली. स्वयंपाकघरात बसलो. कॉफी इतरांसारखीच होती, मग हिचं एवढं कौतुक कशाला ते कळलं नाही.

घोड्याचं विचारलं तर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हं." पण माणसाला माझ्या धंद्याची आवड आहे. कप फिरवत म्हणाला, "एक विचारू? उगीच आपलं."

"विचारा."

"समजा, एखाद्या लाकडी घोड्याला खऱ्या केसांची शेपटी असेल. तिला उंदरांपासून कसं वाचवायचं?"

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकानं मला इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. मी दहा मिनिटं सांगितलं. कापूर, देवदाराचा भुसा, वर सुती पिशवी. त्यानं सगळं पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.

"शेड कोरडी असली तर?"

"शेड म्हटलं की उंदीर आलेच."

"मांजर ठेवलंय मी."

"कशाला?"

"असंच आपलं."

मग गुडघ्यांवर थाप, "बरं तर मग." मी उठले. दारात म्हणाला, "शेड बघायचीय का? बघण्यासारखं तसं काही नाही."

शेतकऱ्यांना आपले ट्रॅक्टर दाखवायची भारी हौस. मी म्हटलं, "ट्रॅक्टर बघायला मला वेळ नाही हो."

"बरोबर आहे," तो म्हणाला. आणि हरणं सांभाळा म्हणाला. आठवडा होत आला, अजून एक हरीण दिसलेलं नाही.

रविवार, १४ जून

सुट्टी, म्हणून चर्चला गेले, म्हटलं सगळं गाव एका जागी सापडेल. सापडलं. सात वेगवेगळ्या माणसांनी मला एकच प्रश्न विचारला: "ऑरिनची कॉफी घेतलीत का?" घेतली म्हटल्यावर सगळे आशेनं बघत राहतात. मी म्हणते, ठीक होती. मग ते म्हणतात, "पुन्हा घ्या."

घेतली बाई पुन्हा, दुपारी. यावेळी प्रश्न कानाचा. "समजा कान तुटला, तर कोणता गोंद लावायचा? म्हणजे डावा. किंवा कुठलाही." मी गोंद सांगितला आणि म्हटलं, तुम्ही आमच्या दुकानात पाहिजे होता. त्याचे कान लाल झाले. "शेड..." म्हणाला. मी घड्याळ दाखवलं. एकाकी झालाय बिचारा, बायको गेल्यापासून. कुणीतरी थांबावं असं वाटत असेल, पण मी काय करू, मला घोडा शोधायचाय.

मंगळवार, १६ जून

एकोणीस घोडे झाले. विसाव्याला रंग देतेय. चोविसाव्याचा पत्ता नाही. एकतीस घरं पालथी घातली. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते कळत नाही.

सॅलचा फोन. मी सांगितलं, कुणालाच काही माहीत नाही. तो म्हणाला, "माहीत नाही की तुला सांगत नाहीत?" मी फोन आपटला. नंतर वाटलं, त्याचं खरं असेल. माणसं माझ्यापाशी टिकत नाहीत. माझा नवरा फ्रँक घर सोडून गेला त्या दिवशी दोन बॅगा घेऊन जिन्यात उभा राहून काहीतरी बोलत होता. मी म्हटलं, जायचं तर जा, आणि दार लावून घेतलं. दोन मिनिटांत संसार आटोपला. तो काय म्हणत होता, ते मी ऐकलंच नाही. याला आता नऊ वर्षं झाली, आणि हे आज इथं कशाला आठवावं?

शनिवारी ते मेरी-गो-राउंड जुगाऱ्यांच्या दारात जायचं ठरेल. मी रंगवलेले घोडे तिथं दारुड्यांना घेऊन फिरतील. माझा जीव तुटतोय.

गुरुवार, १८ जून

आज सगळं लिहून काढते.

डेलमारकडे जेवायला बोलावलं होतं. खिमा, वर बटाट्याचे तळलेले गोळे, चीज, सगळं एका काचेच्या भांड्यात भाजलेलं. जेवण झालं, गुडघ्यांवर थाप, "बरं तर मग." मी उठले, गाडीपाशी आले, तर किल्ली आत आणि दारं बंद. गॅरेजवाला शेजारच्या गावी, पाऊण तासात येतो म्हणाला. डेलमार माझ्याबरोबर बाहेर आला आणि गाडीच्या टपावर कोपर टेकून उभा राहिला. अडकले.

आधी हवा. मग नवी पाण्याची पाइपलाइन. मग बायकोच्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन, टाक्यांच्या संख्येसकट. मी दात आवळून हं हं करत होते. चाळीस मिनिटं झाली असतील. मग तो समोरच्या मक्याकडे बघत, त्याच आवाजात म्हणाला,

"ऑरिनची शेड बघितलीत का?"

"दोनदा विचारलं त्यांनी. मला ट्रॅक्टरमध्ये रस नाही."

"ट्रॅक्टर त्यानं सत्त्याऐंशीत विकला," तो म्हणाला.

शेपटी. उंदीर. मांजर. डावा कान. देवा रे, घोडा शोधायला मला पाठवली की गाढव पाठवलं?

"तुम्हाला माहीत होतं!"

"तसं बघायला गेलं तर."

"किती जणांना?"

"आता लहान मुलं सोडली तर..." तो हिशेब करू लागला.

मग सगळं बाहेर आलं, थेंबाथेंबाने. डेलमारचा बाप तेव्हा बागेचा राखणदार होता. त्यानं डोळ्यांनी बघितलं: ऑरिन हातगाडी ढकलतोय, गाडीवर घोडा, आणि घोड्यावर लावॉन, हसून हसून बेजार. तिचा आवडता घोडा तो. ती म्हणाली होती, हा घेऊन आलास तर तुझ्याशी लग्न करीन. बापानं आईला सांगितलं, आईनं चर्चमध्ये. सगळ्यांना वाटलं, सोमवारी परत आणेल. सोमवारी त्यानं आणला नाही. मग कापणी आली. मग लग्न आलं.

"लग्नात कसं विचारायचं?" डेलमार म्हणाला.

"आणि नंतर?"

"नंतर वर्ष झालं होतं. वर्षानंतर विचारणं बरं दिसत नाही."

"अहो, पण सरळ विचारायचं ना, ऑरिन, घोडा दे!"

"विचारलं तर त्याला कळेल ना, आम्हाला माहीत आहे ते."

"मग कळू दे!"

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी पुन्हा ट्रेमधली शेवटची वडी खाल्ली होती.

"म्हणजे मेरी-गो-राउंड नेव्हाडाला गेलं तरी चालेल?"

"चालेल कसं? आर्लिसला तर झोप नाही. पण आम्हाला विचारता येत नाही. तुम्ही न्यू जर्सीच्या, म्हटलं तुम्हाला येईल."

"मग मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं!"

"सांगितलं की," तो दुखावून म्हणाला. "कॉफी बरी असते म्हणालो."

टॉमसनबाई सपाता घालून का पळत होत्या, ते मला आत्ता कळतंय. इथं निरोपाला सुरुवात झाली की माणूस बोलायला लागतो. आणि मी एकतीस घरांतून, सुरुवात झाली की निघून गेले.

शुक्रवार, १९ जून

सकाळी ऑरिनकडे निघाले. सरळ बोलायचं ठरवलं होतं. गाडीत तालीम केली: ऑरिन, घोडा तुमच्याकडे आहे, गावाला माहीत आहे, तो उद्या सकाळी दांड्यावर पाहिजे. तीन वाक्यं, तेवढ्यात काम झालं असतं.

स्वयंपाकघरात बसले. भिंतीवरच्या हुकांना अजून दोन कप होते, एक त्याचा आणि एक फुलाफुलांचा. तीनपैकी एकही वाक्य तोंडातून निघेना. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. शेवटी म्हटलं, "शेड बघू का जरा?"

त्यानं कप खाली ठेवला. "बघण्यासारखं तसं काही नाही," म्हणाला आणि माझ्या आधी दारात पोचला.

शेड माझ्या घरापेक्षा स्वच्छ. मधोमध गोधडी पांघरलेला घोडा, शेजारी एक खुर्ची, खुर्चीवर मांजर. त्यानं गोधडी काढली. दर वसंतात घराच्या उरलेल्या रंगानं पांढरा केलेला, खोगीर मात्र ट्रॅक्टरच्या हिरव्या रंगाचं. रंग चुकीचा, पण हात इतका जपून फिरलेला की मी मोठमोठ्या कारागिरांचाही तसा पाहिलेला नाही. शेपटी अख्खी. डावा कान तंबाखूच्या डबीत, रुमालात गुंडाळलेला. मला रडू आलं. वहीशी काय लाजायचं?

"हा इथं होता," तो म्हणाला.

"हो."

"बरीच वर्षं."

"हं," मी म्हटलं. मी! हं!

कान चिकटवला. तो दिवा धरून उभा होता. काम करता करता, त्याच्याकडे न बघता मी म्हटलं, "उद्या सकाळी सहा ते आठ चर्चच्या तळघरात पॅनकेकचा नाश्ता आहे. सगळं गाव तिथं असेल. बागेत कुणीच नसेल. अकरा नंबरच्या दांड्याला मी तेल लावून ठेवलंय."

"असं का," तो म्हणाला.

असा कुठलाही नाश्ता नव्हता. मी तिथल्या तिथं रचला. तिथून निघाले ती तडक डेलमारच्या दुकानात, आणि म्हटलं, उद्या नाश्ता आहे, सहा ते आठ. त्यानं का म्हणून विचारलं नाही. तासाभरात दुकानाच्या काचेवर कागद लागला. आर्लिसनं चौदा डझन अंडी मागवली. आणि दुपारी डेलमार आपला ट्रेलर, उतरणीच्या फळीसकट, ऑरिनच्या फाटकापाशी 'विसरून' आला.

शनिवार, २० जून

सहाला तळघरात पोचले तर एकशे चाळीस माणसं आधीच बसलेली. रस्त्याच्या बाजूला जमिनीलगत लांब खिडक्या आहेत. आर्लिसनं झाडून सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडे पाठ करून मांडल्या होत्या. सगळं गाव कोऱ्या भिंतीकडे तोंड करून पॅनकेक खात होतं.

"ऊन येतं डोळ्यांवर," आर्लिस म्हणाली. बाहेर ढग होते.

मी एकटी तिरकी बसले. सातच्या सुमाराला खिडकीत ट्रेलरची चाकं दिसली, सावकाश सरकणारी. त्याला पुढे जुनी मोटार. बरोबर चर्चसमोरच्या खड्ड्यात चाक गेलं, ट्रेलर कलला, दोरी सुटली आणि धडाम! रस्त्यावर चार लाकडी खूर दिसले, आकाशाकडे.

एकाही माणसानं मान वळवली नाही. डेलमारचा काटा प्लेटवर वाजू लागला. पाद्री मोठ्यानं म्हणाला, "सिरप कुणाला हवंय?" कुणालाच नको होतं.

खिडकीत ऑरिनचे बूट आले, थांबले, मग तो खाली बसलेला दिसला. बराच वेळ तो हलला नाही.

"अँजी," आर्लिस भिंतीशी बोलत असल्यासारखी म्हणाली, "कुणीतरी जायला हवं."

"मग जा की!"

"अगं, आम्हाला दिसलंच नाही, तर आम्ही जाणार कसं? तू बाहेरची. तुला दिसलं तर चालतं."

गेले. तो फुटपाथच्या कडेला बसला होता, एक हात घोड्याच्या मानेवर. "घरी नेतो परत," म्हणाला. "सगळ्यांना ऐकू गेलं असणार."

मला खरं सांगायची सवय. आणि खरं असं होतं, की हे सगळ्यांना ट्रूमन राष्ट्राध्यक्ष होता तेव्हापासून माहीत होतं. ते माझ्या जिभेच्या टोकावर आलं. मी ते गिळलं. म्हटलं, "कुणाला काही ऐकू येत नाहीये. पॅनकेक फार छान झालेत."

आणि त्याच क्षणी आत गाणं सुरू झालं. एकशे चाळीस माणसं, तोंडात घास घेऊन, छप्पर उडेल इतक्या मोठ्यानं प्रार्थनागीत गाऊ लागली. ऑरिननं खिडकीकडे बघितलं. आत ओळीनं पाठीच पाठी. डेलमारची पाठ, आर्लिसची, टॉमसनबाईंची, पहिली ते शेवटची. तो त्या पाठींकडे बघतच राहिला. मग त्यानं बाहीनं नाक पुसलं आणि म्हणाला, "बरं तर मग."

घोडा आम्ही दोघांनी उचलला. त्याची कमर आणि माझे गुडघे, दोन्ही करकरत होते. कान टिकला, माझा गोंद आहे तो. पावणेआठला अकरा नंबरच्या दांड्यावर घोडा उभा होता. एकदाचं गंगेत घोडं न्हालं.

तो माझ्या गाडीपाशी आला, टपावर हात ठेवला. मी वाट बघितली. मका, हवा, मांजर. मग म्हणाला, "लावॉन दर वर्षी म्हणायची, परत देऊ या. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. शेवटी दवाखान्यात म्हणाली, ऑरिन, तुला काही बोलता येणार नाही, ते मला माहीत आहे. निदान शेडची कडी उघडी ठेव." त्यानं टपावरचा हात काढला. "मार्चपासून उघडीच होती."

दहाला वारसा खात्याची बाई आली. तिच्या फायलीत तेवीसच शिल्लक असल्याची नोंद होती. तिनं तीनदा मोजले, चोवीस भरले. अकरा नंबरच्या पोटाखालचा बनवणाऱ्याचा ठसा आरशानं बघितला, मूळचा निघाला.

"पण माझ्याकडे तर लिहिलंय की हा १९४९ पासून बेपत्ता आहे."

"असं का," डेलमार म्हणाला. "कागदावर काहीही येतं हो."

"आणि खोगीर हिरवं कसं?"

गावानं घोड्याकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच.

"ते नेहमीच हिरवं होतं," आर्लिस म्हणाली.

बाईनं सही केली. मेरी-गो-राउंड सुरू झालं. पहिल्या फेरीला मुलांनी तेवीस घोडे पकडले, अकरावा सोडून. त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. ऑरिन बाकावर बसला होता. डेलमार त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, "एक जागा आहे रिकामी. फुकट जाईल उगीच." ऑरिन दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा उठला. फेरी संपली तरी चालवणाऱ्यानं चक्र थांबवलं नाही, आणि कुणी तक्रारही केली नाही.

रविवार, २१ जून

सकाळी नऊला निघायचं ठरवलं. गुडघ्यांवर थाप मी स्वतः मारली. गाव सोडलं तेव्हा पावणेअकरा झाले होते. मागच्या सीटवर आर्लिसनं वड्यांचा ट्रे ठेवलाय, तळाला चिकटपट्टीवर तिचं नाव. म्हणजे तो परत नेऊन द्यावा लागणार.

ऑरिनच्या फाटकावरून जाताना हॉर्न वाजवला. आरशात बघते तर तो शेडमधून निघून, लंगडत, दोन्ही हात हलवत रस्त्यावर येतोय. मी ब्रेक मारला. गाडी मागे घेतली, सगळी वाट उलटी. काच खाली केली. त्यानं टपावर हात ठेवला. धाप लागली होती. मी इंजिन बंद केलं आणि गप्प बसले.

तो मक्याकडे बघत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "पुढं नदीपाशी हरणं असतात. सांभाळून जा."

"जाते," मी म्हटलं. "तुम्हीपण सांभाळा."

विमानतळाच्या मोटेलमधून सॅलला फोन केला. कसं झालं म्हणाला. मी म्हटलं, फार वाईट नाही झालं. तो म्हणाला, कोण बोलतंय?

फ्रँकही तेव्हा जिन्यात उभा राहून हरणांचंच काहीतरी सांगत असेल. नऊ वर्षांनी विचारणं बरं दिसत नाही, पण नंबर शोधून ठेवलाय.

एकशे नव्वद मैलांत एकही हरीण दिसलं नाही. तरी सगळा रस्ता सावकाशच आले.